हेलिगन: मातीआड गेलेली बाग

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या मेवागिसी या कोळ्यांच्या गावाजवळ ट्रेमेन घराण्याची हेलिगन ही जहागीर आहे. बागेला आकार आला तो मुख्यतः अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत. जोसेफ हूकर यांनी हिमालयातून पाठवलेल्या बियांची ऱ्होडोडेंड्रॉन इथे वाढली, ओल्या घळीत वृक्षनेचे रुजले. पहिल्या महायुद्धापूर्वी इथे 22 माळी राबत. युद्ध सुरू झाल्यावर त्यांतले बरेच जण सैन्यात गेले, काही परतलेच नाहीत. पुढे वाडा भाड्याने गेला आणि बागेत काटेरी झुडपं माजली.

जानेवारी 1990 च्या वादळाने झाडं आडवी केली. त्याच वर्षी टिम स्मिट आणि ट्रेमेन वंशातले जॉन विलिस झुडपं तोडत आत शिरले. तटबंदीच्या बागेत, माळ्यांच्या शौचकूपाच्या भिंतीवर, पेन्सिलीने केलेल्या सह्या सापडल्या. खाली ऑगस्ट 1914. पुनरुज्जीवनाची दिशा या सह्यांनी ठरवली. हिरवळी आणि पुतळे कुठल्याही जहागिरीत असतात. इथे पुन्हा उभं करायचं होतं ते माळ्यांचं काम.

त्यातलं सगळ्यात खटाटोपाचं काम अननसाच्या खड्ड्याचं. तीन समांतर चर, मधल्यावर काचेचं छप्पर, त्याखाली अननसाच्या कुंड्या. बाजूच्या दोन चरांत घोड्याची ताजी लीद पेंढ्यासकट दाबून भरतात. ती कुजताना निघणारी ऊब जाळीदार विटांच्या भिंतींतून मधल्या चराकडे झिरपते. ऊब उतरली की लीद उपसून नवी भरायची. एवढं करून फळ हाती यायला दोनेक वर्षं लागतात. हिशेबात न बसणारा उद्योग. पण जमीनदाराच्या जेवणात अननस दिसणं हीच तर श्रीमंती होती.

काचघरांची तावदानं कौलांसारखी एकावर एक चढवलेली. प्रत्येकाची खालची कड गोलाई दिलेली असते, म्हणजे पावसाचं पाणी मधोमध ओघळतं आणि लाकडी पट्ट्या कुजत नाहीत. दुरुस्ती करताना तशीच काच बसवली. भाजीच्या वाफ्यांतही जुन्या काळचे वाण लावले.

1992 मध्ये, काम अर्धवट असतानाच, बाग लोकांना खुली झाली. वाडा मात्र या पुनरुज्जीवनात नाही. त्याचे 1970 च्या दशकातच फ्लॅट झाले होते, आजही तिथे खासगी बिऱ्हाडं राहतात.