वाटीतलं कडधान्य किती ग्रॅमचं?

पाककृतीत लिहिलेलं असतं ‘दोन वाट्या शिजवलेले छोले’ आणि आहाराच्या तक्त्यात ‘तीस ग्रॅम कडधान्य’. हे तीस ग्रॅम बहुधा कोरडे, निवडून ठेवलेले असतात. ते शिजून वाटीत किती येतात, हे कोणी सांगत नाही. मधुमेहाचं पथ्य सांभाळणाऱ्या घरांत तर हा रोजचा प्रश्न असतो.

२४० मिलिलिटरचा मापाचा कप घ्या. त्यात कोरडे काबुली चणे सुमारे २०० ग्रॅम मावतात. तेच शिजवून, चाळणीत नीट निथळून भरले, तर भरतात सुमारे १६४ ग्रॅम. पाणी पिऊन टम्म फुगलेल्या दाण्यांचा कप कोरड्यापेक्षा हलका! कारण सोपं आहे. कोरडा दाणा घट्ट असतो, पाण्यात टाकताच तळाशी जातो. भिजून शिजला की त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, म्हणून तेवढ्याच आकारात वजन कमी बसतं. दाण्यादाण्यांमधली हवेची पोकळी मात्र तशीच राहते. म्हणून २०० ग्रॅम चणे शिजून वजनाने सव्वादोन-अडीच पट होतात, पण कपाच्या मापाने जवळजवळ तिप्पट.

सगळी कडधान्यं अशी वागत नाहीत. शिजलेला राजमा त्याच कपात १७७ ग्रॅम भरतो, अख्खा मसूर १९८ आणि मूग २०२. मसूर-मूग मऊ होऊन एकमेकांना चिकटून बसतात, पोकळी उरत नाही. त्यामुळे ‘एक कप म्हणजे इतके ग्रॅम’ असा एकच आकडा सगळ्यांना लावणं चूकच. जुना, कडक झालेला माल आणि जड पाणी असेल तर दाणा कमी फुगतो, तोही फरक धरायला हवा.

आपल्याकडे पूर्वी धान्य पायली, शेर, मापटं, चिपटं यांनीच मोजलं जाई आणि १९५६च्या कायद्याने दशमान पद्धत आली. कोरड्या धान्याला मापाने मोजणं चालतं, कारण त्यातला ओलावा फारसा बदलत नाही. शिजवल्यावर तो भरवसा संपतो.

सगळ्यात फसवं वरण. पन्नास ग्रॅम तूरडाळीचं चौघांसाठी वरण केलं, तर माणशी डाळ साडेबारा ग्रॅम आणि प्रथिनं तीन ग्रॅमही नाहीत. पातळ केलं म्हणून वाट्या वाढल्या, डाळ तेवढीच राहिली. ‘रोज वाटीभर वरण खातो’ या वाक्यातून म्हणूनच काहीच कळत नाही. दीडशे मिलिलिटरच्या वाटीत निथळलेले छोले मात्र शंभरेक ग्रॅम, म्हणजे कोरडे चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम, आणि प्रथिनं नऊच्या आसपास.

परदेशात डबाबंद छोले वापरणाऱ्यांनीही डब्यावरचे ४०० ग्रॅम पाहून फसू नये. पाणी ओतून टाकल्यावर साधारण २४० ग्रॅम उरतात, म्हणजे दीड कप. तेवढ्यासाठी घरी शंभर ग्रॅम चणे भिजत घातले तरी पुरतात.

घरचा हिशेब एकदाच करावा. रिकामं भांडं तोलून ठेवा, कडधान्य कोरडं तोला, शिजल्यावर निथळून पुन्हा तोला. शिजलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागलं की आपल्या कुकरचा, आपल्या पाण्याचा आकडा मिळतो. मग आपली नेहमीची वाटी सपाट भरून तोला; शिगोशीग भरू नका, शीग दरवेळी वेगळी होते. हे दोन आकडे फडताळाच्या दाराला आतून चिकटवा, आणि पाककृती कोणाला लिहून देताना कडधान्याचं कोरडं वजन आवर्जून लिहा.