बर्फावरची बचावपटू आणि तिच्या कामाचं मोल

गटाच्या बैठकीत आपण मजुरी, बाजारभाव, बाईच्या कामाचं मोल यांवर नेहमी बोलतो. आजही विषय तोच आहे, फक्त मुलूख लांबचा आहे. कॅनडातल्या जोसलिन लारॉक या खेळाडूची वाटचाल आम्ही आज सांगणार आहोत. तिचा खेळ आईस हॉकी, म्हणजे बर्फावरची हॉकी.

आधी खेळ समजून घेऊ. साधारण ६० मीटर लांबीचं मैदान, सगळं गुळगुळीत बर्फाचं. पायात पोलादी पातं लावलेले बूट, हातात लांब काठी. चेंडूऐवजी रबराची चपटी चकती असते, तिला पक म्हणतात. वजन १७० ग्रॅमच्या आसपास, पण जोरात आली तर हाड मोडू शकतं. एका बाजूने सहा जणी खेळतात: एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तिघी चढाई करणाऱ्या. २० मिनिटांचे तीन भाग असतात. दमछाक एवढी की मिनिटभर खेळून एक बाहेर येते, दुसरी आत जाते.

लारॉक बचावपटू आहे. समोरून चढाई आली की तोंड त्यांच्याकडेच ठेवून ती उलटी घसरत मागे जाते, वाट अडवते, वेळ पडली तर चकतीच्या आड अंग घालते. झालेला गोल फलकावर लागतो, अडवलेला लागत नाही. घर सांभाळणारीला हे वेगळं समजावायला नको.

लारॉकचा जन्म १९८८ चा. मॅनिटोबा प्रांतातलं सेंट अ‍ॅन हे तिचं गाव. ती मेटिस समाजाची. कॅनडाच्या मूळनिवासी समाजांपैकी हा एक. २०१४ च्या ऑलिंपिकमध्ये कॅनडाकडून महिला हॉकी खेळणारी ती पहिली मूळनिवासी खेळाडू ठरली. त्या वर्षी सुवर्ण मिळालं. २०१८ मध्ये अमेरिकेकडून हार झाली, तेव्हा गळ्यात घातलेलं रौप्यपदक तिने लगेच काढलं. टीका झाली, तिने जाहीर माफी मागितली. २०२२ मध्ये पुन्हा सुवर्ण.

आता पैशाचं ऐका. कॅनडातली महिलांची लीग २००७ साली सुरू झाली. लीग म्हणजे संघांची हंगामभर चालणारी स्पर्धा. पहिली दहा वर्षं तिथे पगारच नव्हता. २०१७ पासून मानधन सुरू झालं, तेही हंगामाला २,००० ते १०,००० कॅनडियन डॉलर. त्यात तिथे घर चालत नाही. म्हणून खेळाडू दिवसा नोकरी करायच्या आणि संध्याकाळी सरावाला जायच्या. २०१९ मध्ये ती लीगही बंद पडली.

तेव्हा कॅनडा आणि अमेरिकेतल्या २०० हून अधिक खेळाडूंनी मिळून ठरवलं: जगण्यापुरता पगार आणि नीट सोयी देणारी लीग उभी राहीपर्यंत आम्ही तिथल्या कुठल्याच लीगमध्ये खेळणार नाही. त्यांनी आपली संघटना काढली आणि स्वतःचे सामने भरवले. चार हिवाळे असे गेले. खेळाडूचं खेळायचं वय थोडकं असतं, त्यातली चार वर्षं म्हणजे लहान किंमत नव्हे.

२०२३ मध्ये नवी लीग ठरली. पहिला सामना व्हायच्या आधीच खेळाडूंच्या युनियनने लेखी करार केला, २०३१ पर्यंतचा. कमीत कमी पगार ३५,००० अमेरिकी डॉलर, म्हणजे आपले अंदाजे ३० लाख रुपये. तिथली महागाई मोठी, हे ध्यानात ठेवा. प्रत्येक संघात निदान सहा जणींना ८०,००० डॉलर किंवा जास्त. खेळाडू निवडताना लारॉकचा नंबर दुसरा लागला, तेव्हा तिचं वय ३५ होतं. १ जानेवारी २०२४ ला टोरांटोत पहिला सामना झाला. तिचा संघ न्यूयॉर्ककडून ४-० ने हरला, आणि लीगमधला पहिला गोल एका बचावपटूनेच केला, एला शेल्टनने! डिसेंबर २०२४ मध्ये लारॉकला ओटावा संघात पाठवलं गेलं. पगारी नोकरीत बदलीही आलीच.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकेत आधीपासून एक लीग चालू होती. नवी उभी करताना ती विकत घेऊन बंद केली, आणि तिथल्या खेळाडूंचे करार रद्द झाले. काही जणींना नव्या संघात जागा मिळाली नाही. एकीचा फायदा सगळ्यांपर्यंत आपोआप पोचत नाही, त्याची सोय आधीच करावी लागते.

आपल्या देशातही लडाखच्या मुली गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ खेळतात. २०२५ मध्ये भारताच्या महिला संघाने आशिया कपमध्ये कांस्यपदक मिळवलं.

पुढच्या बैठकीत दोन प्रश्न घ्या. गटाने ऑर्डर घेताना दर आणि पैसे मिळण्याची तारीख आधी कागदावर येते का? आणि ज्यांचं काम फलकावर दिसत नाही, हिशेब लिहिणारी, माल निवडणारी, त्यांचा वाटा ठरलेला आहे का? काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा.