गांवाचें शहर झालें. बाग कोणी राखावी?

नव्या बागेचें उद्घाटन हा आपल्या लहान शहरांतील एक ठरीव समारंभ होऊन बसला आहे. मांडव पडतो, नारळ फुटतो, फीत कापली जाते, मुलें झोपाळ्यांकडे धांव घेतात आणि पाहुण्यांच्या हस्तें एक रोप खड्ड्यांत बसतें. पुढच्या वैशाखांत त्याच वाटेनें जावें, तों रोपाच्या जागीं वाळकी काडी, झोपाळ्याच्या जागीं दोन लोंबत्या सांखळ्या आणि फाटकाला कुलूप! मग आपण नगरपंचायतीला चार शब्द सुनावतों आणि घरीं येतों. तो दोष सर्वस्वीं चुकीचा असतो असें नाहीं. परंतु त्या कुलपाची किल्ली कोणापाशीं असावी, हें ठरवितांना आपल्याला कोणी विचारलें होतें काय? आणि विचारलें असतें, तर उत्तर देण्यास आपण गेलों असतों काय? या दोन प्रश्नांचाच येथें थोडा विचार करावयाचा आहे.

उदाहरणादाखल चाकूर घेऊं. लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें हें तालुक्याचें ठिकाण. येथें पूर्वीं ग्रामपंचायत होती. या शतकाच्या दुसऱ्या दशकांत नगरपंचायत झाली. डिसेंबर २०२१ व जानेवारी २०२२ या दोन महिन्यांत मिळून लातूर जिल्ह्यांतील ज्या चार नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या, त्यांत देवणी, जळकोट व शिरूर अनंतपाळ यांच्या जोडीस चाकूर होतें. सरपंचाच्या जागीं नगराध्यक्ष आले, ग्रामसेवकाच्या जागीं मुख्याधिकारी आले, सतरा नगरसेवकांचें सभागृह आलें. गांवाचें शहर झालें, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण या बदलांत एक वस्तु हातची गेली, आणि ती गेल्याचें फारसें कोणाच्या लक्षांतहि आलें नाहीं. ती वस्तु म्हणजे ग्रामसभा.

ग्रामपंचायतीच्या कायद्यानें गांवांतील प्रत्येक मतदाराला एक हक्काची जागा दिलेली आहे. वर्षांतून किमान चार वेळां ग्रामसभा भरली पाहिजे, तिच्या अगोदर स्त्रियांची निराळी सभा झाली पाहिजे, आणि तेथें कोणाहि मतदारानें उभें राहून विचारावें कीं, शाळेमागची मोकळी जागा कोणाला दिली आणि कां दिली? ग्रामसभा नेहमीं नीट भरतात असें कोणी म्हणणार नाहीं. गणपूर्तीअभावीं तहकूब झालेल्या सभांच्या कथा गांवोगांवीं आहेत. तरी अधिकार तो अधिकारच. न वापरलेली विहीर आणि बुजविलेली विहीर यांत अंतर आहे. नगरपंचायत होतांच ही विहीर बुजते.

मग शहरवासीयांस तिच्या बदल्यांत कांहीं मिळालें काय? चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलांत आली. तिनें नागरी संस्थांकडे सोंपविण्याजोग्या अठरा विषयांची यादी घटनेच्या बाराव्या अनुसूचींत घातली. उद्यानें, बागा व क्रीडांगणें हा त्यांतील बारावा विषय. लोकांचा आवाज कारभाराजवळ राहावा म्हणून तिनें प्रभाग समित्यांचीहि तरतूद केली. पण त्या समित्या आवश्यक ठरल्या तीन लाख किंवा अधिक लोकवस्तीच्या शहरांना. चाकूर त्या आंकड्यापासून कितीतरी दूर. म्हणजे खेड्याला ग्रामसभा आहे, मोठ्या शहराला प्रभाग समिति आहे, आणि या दोहोंच्या मधल्या लहान शहराला यांपैकीं एकहि नाहीं. पांच वर्षांतून एकदां मत द्यावें आणि मधल्या काळांत कुलूपबंद फाटकाकडे पाहावें, एवढेंच त्याच्या वांट्याला उरतें.

मराठवाड्याला तरी ही गोष्ट हलकी वाटूं नये. निजामी अमलांत 'गश्ती निशाण ५३' या फर्मानामुळें परवानगीवांचून सभा घेणें दुरापास्त झालें होतें. त्या काळीं वाचनालयें व गणेशोत्सव याच चार माणसें एकत्र येण्याच्या वाटा होत्या, आणि त्यांतूनच जागृति झाली. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालें. ज्यांच्या आजोबांना सभेसाठीं अर्ज करावा लागे, त्यांनीं सभेची जागा सहज हातची जाऊं द्यावी, हें शोभणारें नव्हे.

इतर देशांतील लहान शहरांनीं ही अडचण कशी सोडविली, हें पाहण्यासारखें आहे. अमेरिकेंतील मिनियापोलिसच्या नागरिकांनीं १८८३ साली मतदान करून उद्यानांसाठीं स्वतंत्र मंडळ स्थापिलें. आजहि त्याचे नऊ सभासद मतदार निवडतात. हा झाला मोठ्या शहराचा थाट. तेथील पुष्कळ लहान शहरांत याहून साधी पद्धति आहे. बागा, मैदानें, वाचनालय, वृद्धांचें विरंगुळा-केंद्र यांविषयीं सल्ला देण्यासाठीं नागरिकांचीच एक समिति नेमतात. सभासद बहुधा वेतनावांचून काम करतात. सभा सर्वांस खुली असते. कोणाहि रहिवाशाला उठून आपलें म्हणणें मांडतां येतें. आणि अखेरीस समिति आपली शिफारस नगरसभेकडे धाडते. नगरसभेनें ती मानलीच पाहिजे असें नाहीं. पण शिफारस लेखी असते, तिच्यामागें लोकांचें बोलणें असतें. म्हणून ती नाकारणाराला चारचौघांसमोर नाकारावी लागते. सल्ल्याची शक्ति ती एवढीच, आणि ती थोडी नाहीं.

आपल्याकडेहि असे दाखले आहेत. मुंबईचें शिवाजी पार्क १९२५ साली माहीम पार्क या नांवानें खुलें झालें. महापालिकेच्या सदस्या अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहानें १९२७ साली त्याला शिवछत्रपतींचें नांव मिळालें. पुढें त्या मैदानावरच्या कर्ण्यांच्या गोंगाटानें शेजारीपाजारी त्रासले, तेव्हां रहिवासी न्यायालयांत गेले, आणि २०१० साली मुंबई उच्च न्यायालयानें तो परिसर शांतता-क्षेत्र ठरविला. म्हणजे नांव मिळालें तें एका बाईच्या आग्रहानें, आणि शांतता मिळाली ती शेजाऱ्यांच्या चिकाटीनें. पुण्याच्या महापालिकेनें २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकांत घेण्याची प्रथा सुरू केली. आपल्या पेठेंत बांकें हवींत कीं पादचारी मार्ग, हें रहिवाशानें अर्ज भरून कळवावें. पुण्याची गोष्ट मोठ्या शहराची खरी. पण अर्जाचा कागद छापून घेण्यास लहान शहराला कोणाची आडकाठी आहे?

आतां चाकूरकडे परत वळूं. ग्रामसभा गेली तरी कायद्यानें ठेवलेल्या कांहीं खुर्च्या शिल्लक आहेत. त्यांवर कोण बसतें, हें आपण पाहत नाहीं एवढेंच. नागरी क्षेत्रांतील झाडांच्या रक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा १९७५ चा आहे. त्यांतील वृक्ष प्राधिकरणावर लोकप्रतिनिधींच्या बरोबर झाडांची जाण असलेल्या बाहेरच्या व्यक्तींनाहि घेतां येतें. झाडांची दर पांच वर्षांनीं गणना करणें, रोपवाटिका ठेवणें, रस्त्यांवर व बागांत झाडें लावून तीं जगविणें हीं त्याचीं कामें. २०२१ च्या दुरुस्तीनें पन्नास वर्षें व त्यांहून जुन्या झाडाला वारसा-वृक्षाचा मान दिला आणि तोडलेल्या झाडाच्या बदल्यांत त्याच्या वयाइतकीं रोपें लावण्याचें बंधन घातलें. पण झाडाचें वय सांगणार कोण? ज्याच्या आजीनें त्या चिंचेखालीं चिंचा वेंचल्या, तोच ना!

दुसरी खुर्ची जैवविविधता व्यवस्थापन समितीची. २००२ च्या कायद्यानें अशी समिति प्रत्येक स्थानिक संस्थेनें नेमावयाची आहे. २००४ च्या नियमांनीं तिच्यांत अध्यक्ष व सहापर्यंत सभासद ठरविले होते, पैकीं एक-तृतीयांश तरी स्त्रिया. परिसरांतील वनस्पति, प्राणी व त्यांविषयींचें लोकांचें ज्ञान यांची नोंदवही तयार करणें, विचारलें असतां सल्ला देणें, स्थानिक वैदूंची माहिती ठेवणें हें तिचें काम. चाकूर तालुक्यास तर या कामासाठीं दूर पाहावयास नको. वडवळ नागनाथजवळचें बेट दुर्मिळ औषधी वनस्पतींसाठीं प्रसिद्ध आहे. तेथील एखादी झुडुपाची जात शहरांतल्या बागेंत लावावी, शेजारीं तिच्या नांवाची व गुणाची पाटी असावी, आणि शाळेच्या मुलांनीं ती वाचावी, याहून स्वस्त शिक्षण कोणतें?

येथें कोणी म्हणेल, झाडेंझुडुपें असोत, त्यांत एवढें पणाला काय लागलें आहे? पणाला लागली आहे ती जमीन. शहर वाढूं लागलें कीं जमिनीचा भाव चढतो, आणि जिच्यावर कोणाची नजर नाहीं अशी मोकळी जागा सर्वांत आधीं जाते. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणें विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो, त्यावर ठराविक मुदतींत हरकती व सूचना मागवितात. मुदत उलटल्यावर तक्रार करणें म्हणजे वरातीमागून घोडें. पुढें आराखडा मंजूर झाला, एखादी जागा बागेसाठीं राखून ठेवली, तरी काम संपलें असें नाहीं. दहा वर्षांत ती जागा संपादन केली नाहीं, तर मालक नोटीस देऊं शकतो. आणि त्यानंतरच्या मुदतींतहि संस्थेनें हालचाल न केल्यास आरक्षण आपोआप रद्द होतें. त्यासाठीं कोणी लबाडी करावी लागत नाहीं. सर्वांनीं झोंपीं जाणें पुरतें. डिसेंबर २०२० च्या एकत्रित नियमावलीप्रमाणें चार हजार चौरस मीटर व त्यांहून मोठ्या लेआउटमध्यें सामान्यतः दहा टक्के जागा खुली सोडावयाची असते. कागदावरची ती दहा टक्के जागा प्रत्यक्षांत कोठें आहे, हें वर्षांतून एकदां पायीं फिरून पाहण्यास नागरिकांची समिति पुरेशी आहे.

दुसरी पणाला लागलेली वस्तु पाणी. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून पांच लाख लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी लातूरला आली, तो उन्हाळा या जिल्ह्यांत कोण विसरेल? ज्या भागांत पिण्याचें पाणी रुळांवरून आणावें लागलें, तेथें हिरवळीचे गालिचे अंथरणें हा विवेक नव्हे. अशा ठिकाणीं बाग म्हणजे सावली. कडुनिंब, करंज, वड, चिंच, बहावा हीं झाडें पहिलीं दोन-तीन वर्षें जपलीं कीं पुढें तींच माणसांना जपतात. हिरवळ कीं सावली, हा निर्णय ठेकेदाराच्या दरपत्रकावर सोडूं नये. उन्हांत चालणाऱ्या माणसाला विचारून तो करावा.

तसाच आणखी एक निर्णय आहे, ज्याचा उच्चार करण्यास सभ्य माणसें संकोचतात. बागेंत स्वच्छतागृह नसेल, तर ती बाग पुरुषांची होते. सासूबाई, लेंकुरवाळी सून, शाळेंतील मुलगी यांनीं तेथें तासभर बसावें कसें? नकाशा काढणाराच्या ध्यानांत हें येतेंच असें नाहीं. समितींत दोन गृहिणी असल्या, तर पहिल्याच सभेंत तो प्रश्न निघेल. वाचनालय कोणत्या वेळीं उघडें असावें, वृद्धांच्या बांकाला पाठ असावी कीं नाहीं, फाटकाची किल्ली पहांटे कोणी उघडावी, हे प्रश्न असेच लहान आहेत; पण बाग जगते कीं मरते, तें यांवरच ठरतें.

"केवळ सल्ला देऊन काय होणार? मताचा अधिकार नाहीं तेथें जाऊन वेळ कां दवडावा?" हा आक्षेप विचारी माणसेंहि घेतात, आणि तो खोटा नाहीं. ज्याचा सल्ला कपाटांत पडून राहतो, त्याचा उत्साह दुसऱ्या वर्षीं मावळतो. समिति नुसती शोभेची होण्याची भीतिहि असते. म्हणून सल्ला लेखी द्यावा, त्याची पोंच घ्यावी, आणि त्याचें काय झालें हें तीन महिन्यांनीं पुन्हां विचारावें. मराठींत 'मत' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक पेटींत टाकावयाचें, तें पांच वर्षांनीं. दुसरें तोंडानें सांगावयाचें, त्याला कोणत्याच निवडणुकीची वाट पाहावी लागत नाहीं. पहिलें आपण नेमानें देतों. दुसरें मात्र घरच्या झोपाळ्यावर बसूनच खर्च करतों.

प्रभाग समित्यांखेरीज इतर समित्या स्थापण्यासहि घटनेनें राज्याच्या विधिमंडळास मोकळीक ठेविली आहे. तेव्हां लहान शहरांसाठीं ग्रामसभेसारखी सभा कायद्यानें मिळावी, ही मागणी अवाजवी नाहीं. ती मिळेल तेव्हां मिळो. तोंवर प्रत्येक आळींतून एक निवृत्त शिक्षक, एक गृहिणी, एक तरुण व एक झाडें जाणणारा शेतकरी एवढे जण महिन्यांतून एक संध्याकाळ एकत्र जमले, तरी काम सुरू होईल. घरच्या तुळशीला पाणी घालण्यासाठीं आपण ठराव करीत नाहीं. ती आपली आहे, हें पुरतें. कोपऱ्यावरची बागहि आपलीच आहे. येत्या रविवारीं मुलांना घेऊन तेथवर जावें, फाटक उघडें आहे कीं बंद तें पाहावें, आणि बंद असल्यास किल्ली कोणापाशीं आहे, हें विचारून तेवढें एक पत्र लिहावें.