गॅसचा बंब जुना झाला म्हणजे



ज्यांचें बालपण जुन्या वाड्यांत गेलें, त्यांस तांब्याचा बंब चांगला ठाऊक आहे. मध्यें नळकांडें, त्यांत गोवऱ्या व लांकडाच्या ढलप्या, खालीं राख, आणि धुरानें चुरचुरणारे डोळे! त्या धुरास आपण पुष्कळ नांवें ठेविलीं. परंतु त्याच्या अंगीं एक गुण होता. तो सांगून येत असे. डोळ्यांस पाणी आलें कीं माणूस आपोआप दार उघडी. आज कित्येक घरांत त्याच्या जागीं स्वयंपाकाच्या गॅसवर चालणारा बंब भिंतीवर टांगलेला असतो. त्यास आपण गॅस-गीझर म्हणतों. हा धूर करीत नाहीं. आणि म्हणूनच त्याच्या जुनेपणांतला धोका कोणास दिसत नाहीं. असा बंब दुरुस्त केव्हां करावा व काढून केव्हां टाकावा, हें आज सांगावयाचें आहे.

'गीझर' हा शब्द मूळचा आइसलंडांतील उष्णोदकाच्या कारंज्याचा. १८६८ सालीं लंडन येथें बेंजामिन वॅडी मॉन या गृहस्थानें स्नानाच्या पाण्यासाठीं गॅसचा बंब काढून त्यास हें नांव दिलें. जळलेला वायु बाहेर नेणारें नळकांडें त्या बंबास नव्हतें. दीडशेंहून अधिक वर्षें लोटलीं, तरी आपल्याकडील पुष्कळशा लहान बंबांस तें आजही नाहीं. जें जळतें तें त्याच खोलींत सुटतें.

आतां शाळेंतल्या संवयीप्रमाणें थोडें गणित मांडतों. मिनिटास ६ लिटर पाणी २५ अंशांनीं तापवावयाचें, तर तासास सुमारें १ किलो गॅस लागतो. म्हणजे १० मिनिटांच्या स्नानास सुमारें १६० ग्रॅम. एवढा गॅस पुरता जळण्यास जवळजवळ २ घनमीटर हवा लागते. पांच फूट रुंद, सहा फूट लांब व आठ फूट उंच अशा न्हाणीघरांत सगळी मिळून हवा असते ती पावणेसात घनमीटर! दार व झडप लावून घरचीं तीन माणसें एकामागून एक न्हालीं, कीं हिशोब संपत आला. प्रत्यक्षांत इतका वेळही लागत नाहीं. हवेंत शेकडा २१ भाग प्राणवायु असतो. तो दोन-तीन भागांनीं उतरला, कीं ज्योत अपुरी जळूं लागते आणि कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु उत्पन्न होतो.

या वायूस रंग नाहीं, वास नाहीं. गॅस गळला तर दुर्गंधि येते, कारण त्यांत मर्कॅप्टन हें द्रव्य मुद्दाम मिसळलेलें असतें. परंतु ज्योतींत तें जळून जातें. "वास येत नाहीं, म्हणजे सर्व ठीक आहे" हा समज येथें अगदीं घातक होय. हा वायु रक्तांतील तांबड्या द्रव्यास प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक ओढीनें चिकटतो. हवेच्या दहा लक्ष भागांत याचे १६०० भाग झाले, तर वीस मिनिटांत डोकें दुखून चक्कर येते, आणि तासाभरांत मृत्यु ओढवूं शकतो. प्रमाण वाढेल तसा हा अवधि झपाट्यानें घटतो. कांहीं तरी बिघडलें आहे हें कळेपर्यंत कडी काढण्याचें त्राण हातांत उरत नाहीं. २०२० व २०२१ च्या साथींत घरोघर आलेलें बोटावरचें यंत्रही येथें फसवितें. विषानें भरलेलें रक्त त्यास प्राणवायूनें भरलेलें भासतें.

बंब जुना होतो म्हणजे काय होतें? ज्योतीवर असलेल्या तांब्याच्या पातळ पाकळ्यांत धूळ व काजळी बसते, जळण्याच्या भागास गंज चढतो, आणि विहिरीचें जड पाणी असेल तर नळीच्या आंत क्षार धरतो. वरून हवेची वाट अडली, कीं खिडकी उघडी असूनही ज्योत बिघडते. निरोगी ज्योत निळी व स्थिर असते. ती पिवळी होऊन लांबूं लागली, किंवा बंबाच्या वरच्या पत्र्यावर काजळी दिसली, तर त्याच क्षणीं गॅस बंद करावा.

माझें मत असें, कीं पाण्याच्या बाजूचा दोष खुशाल दुरुस्त करावा. बॅटरीचे सेल संपणें, जाळींत माती अडकणें, वायसर किंवा रबराचा पडदा फाटणें, हे किरकोळ दोष आहेत. आगीच्या बाजूस मात्र कंपनीच्या माहितगार माणसाकडून एकदां सफाई करवून पाहावी. तरीही ज्योत पिवळीच राहिली, पाकळ्या वितळल्या अथवा नळीस भोंक पडलें, तर डाग देत बसूं नये. बंब काढावा. आमच्या शेजारीं "बंब सारखा बंद पडतो" म्हणून एका कारागिरास बोलाविलें. त्यानें ज्योतीवर पहारा ठेवणाऱ्या तारेसच बगल देऊन तो 'सुरळीत' करून दिला! बिचारा बंब बंद पडत होता तें आपलें कर्तव्य बजावीत होता. अशी दुरुस्ती कोणी सुचविली, तर त्यास नम्रपणें निरोप द्यावा.

बंब जुना असो कीं नवा, न्हाणीघराच्या आंत तो नको. उघड्या सज्जांत किंवा वारा खेळत्या जागीं तो बसवून ऊन पाणी नळानें आंत आणावें. तशी जागाच नसेल, तर विजेचा अथवा सूर्याच्या उष्णतेवरचा बंब घ्यावा. सिलिंडरही न्हाणीघरांत ठेवूं नये. हा गॅस हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत साचतो. रबरी नळी पांच वर्षांनीं बदलावी. गळती साबणाच्या पाण्यानेंच तपासावी, काडी ओढून कधींही नव्हे. आणि घरांत नळाचा गॅस नव्यानें आला असेल, तर सिलिंडरचा बंब त्यास तसाच जोडूं नये. दोहोंचा दाब व छिद्रांचें माप निराळें असतें.

आंत कोणी हाकेस ओ देत नसेल, तर प्रथम दार उघडून त्या व्यक्तीस मोकळ्या हवेंत आणावें, गॅस बंद करावा, व १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांस 'गॅसचा बंब चालू होता' हें शब्द स्पष्ट सांगावे; एरवीं ती साधी घेरी समजली जाते. साध्या हवेंत रक्तांतील हें विष निम्म्यावर येण्यास चार-पांच तास लागतात, तर शुद्ध प्राणवायु दिल्यास एक-दीड तास पुरतो.

काढलेला बंब गड्यास किंवा गरजूस देण्याची पद्धति आहे, ती येथें पाळूं नये. मोडींत घालण्यापूर्वीं त्याचा जळण्याचा भाग वेगळा काढून ठोकून चपटा करावा, म्हणजे तो दुसऱ्या कोणाच्या न्हाणीघरांत पुन्हां टांगला जाणार नाहीं.