हंडा असा नसतो

नाशिकच्या तांबट आळीतल्या एका कारागिराला मी त्याचाच फोटो नेऊन दिला. त्याने तो आधी उजेडात धरला, मग डोळ्यांजवळ घेतला, मग शेजारी बसलेल्या मुलाच्या हातात दिला. मी कौतुकाची वाट बघत उभा. उचललेली हातोडी, दारातून आलेला तिरपा उजेड, तांब्यावरची झळाळी. आमच्या फोटोवाल्या मित्रांत या चित्राने वाहवा मिळवली होती. काका म्हणाले, "फोटो झकास आहे साहेब. पण हा हंडा माझा नाही."

मला उमगेना. त्यांनी फोटोच्या उजव्या कडेला बोट ठेवलं. तिथे ठेवलेला तयार हंडा आडवा ताणल्यासारखा, भोपळ्यासारखा दिसत होता. "असं पोट काढलं तर गिऱ्हाईक तोंडावर आणून टाकेल," म्हणत त्यांनी खराच हंडा पायाजवळ ओढला आणि त्याच्या पोटावरून तळवा फिरवला. गरगरीत गोल होता.

तीसेक वर्षं मी हौसेने फोटो काढतो आहे. लेन्सांवरच्या चर्चांत किती रात्री घालवल्या त्याचा हिशेब घरच्यांपाशी आहे. पण लेन्सबद्दलचं सर्वांत नेमकं बोलणं ऐकलं ते कॅमेऱ्याला कधी हात न लावलेल्या या माणसाकडून.

झालं होतं असं. दुकान अरुंद, माल भरलेला. सगळं चौकटीत मावावं म्हणून मी २४ मिमीची लेन्स लावून काकांपासून तीन फुटांवर उकिडवा बसलो होतो. रुंद लेन्स सरळ रेषा सरळ ठेवते, पण त्याची किंमत कडेच्या गोल वस्तूंकडून वसूल करते. त्यांना बाहेरच्या बाजूला ओढते. ३५ मिमी फिल्मच्या चौकटीत २४ च्या लेन्सला डाव्या-उजव्या कडेशी हा ताण सव्वापट भरतो. ५० च्या लेन्सला तो सहा-सात टक्क्यांवर येतो. दुसऱ्या खेपेला मी गल्लीच्या पलीकडच्या ओट्यावर बसलो आणि ५० लावली. अर्धं दुकान कापलं गेलं, मध्ये एक सायकल आली, पण हंडा गोल आला. काकांनी तो फोटो ठेवून घेतला. पहिला मला परत दिला.

आमच्या मंडळींत एक समज पक्का बसलेला आहे : रुंद लेन्स नाक मोठं करते आणि लांब लेन्स चेहरा सुंदर करते. अर्धंच खरं. नाक मोठं होतं ते तुम्ही जवळ गेलात म्हणून. नाकाचं टोक लेन्सपासून ३० सेंटिमीटरवर असेल आणि कान त्याच्या मागे १२ सेंटिमीटर, तर नाक कानाच्या मानाने १.४ पट मोठं उमटणार, लेन्स कुठलीही असो. तेच दीड मीटरवर मागे सरका, फरक आठ टक्क्यांवर येतो. ८५ ची लेन्स चेहऱ्यासाठी चांगली म्हणतात, कारण ती लावली की मागे सरकावंच लागतं. लेन्स ठरवते ती चौकट. वस्तूंचं एकमेकींशी नातं ठरतं तुम्ही कुठे उभे आहात त्यावर. ही गोष्ट मला समजायला बरीच वर्षं आणि तीन अनावश्यक लेन्स लागल्या.

सुरुवात आमच्या पिढीतल्या पुष्कळांसारखीच, घरातल्या आगफा क्लिक थ्रीने. बडोद्याला बनलेला काळा डबा. १२० चा रोल, बारा फोटो, चौकोनी. ऊन आणि ढग अशा खुणा असलेली एक खटकी, बाकी काही बदलता येत नसे. आठ-दहा फुटांच्या अलीकडचा माणूस धूसर यायचा, म्हणून वडील पावलं मोजून मागे जात आणि मग "हलू नका" म्हणत. त्या आल्बममधलं एकही नाक मोठं नाही! रोल धुवायला टाकला की आठवडाभर वाट बघायची. पुढे जुन्या बाजारातून एक ५० मिमी मिळाली, एफ १.८ ची. पहिल्याच पावसाळ्यात तिच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसायला लागली. कोणीतरी लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितली. बुरशी तशीच राहिली, शिवाय फोकसच्या कड्यात तांदळाचा पीठभुगा गेला तो वेगळा. सिलिका जेल आणि घट्ट झाकणाचा डबा, यापलीकडे घरगुती उपाय नाही.

५० ची लेन्स माणसाच्या डोळ्यासारखी बघते, असंही म्हटलं जातं. डोळ्याला चौकटच नसते, त्यामुळे या वाक्याला फारसा अर्थ नाही. १९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला तेव्हा त्याला ५० ची लेन्स होती आणि तीच पुढे रूढ झाली. २४ बाय ३६ मिमीच्या चौकटीचा कर्ण भरतो ४३. हिशेबाने 'नॉर्मल' लेन्स ४३ ची हवी. सवयीला आपण नियम म्हणायला लागतो ते असं.

नाशिककरांना तर लेन्सचं एवढं कौतुक शोभत नाही. आपल्या जिल्ह्यातून या विषयात जो सर्वांत मोठा माणूस झाला त्याची गोष्टच वेगळी आहे. धुंडिराज गोविंद फाळके, जन्म त्र्यंबकेश्वर, ३० एप्रिल १८७०. मुंबईच्या जे. जे. मध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगने पत्नी आणि मूल नेलं. पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग छपाई. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी काय टिपलं, तर कुंडीतला वाटाणा. कोंब फुटतो, वर येतो, वाढतो. कॅमेरा जागचा हलवायचा नाही, कुंडी हलवायची नाही, दिवसामागून दिवस थोडी थोडी फिल्म फिरवायची. भांडवलवाल्याला पटवायला एवढं पुरलं. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला, त्याच वर्षी फाळके बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले. १६ फेब्रुवारी १९४४ ला ते इथेच गेले. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी तर विकत घेण्याऐवजी कॅमेराच घडवला आणि त्या जिद्दीतून १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आली. इकडे नाशकात पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. तिथे लग्नाआधीचे फोटो काढायला येणारी जोडपी मी बघतो. सोबतच्या फोटोवाल्याकडे चार लेन्स असतात आणि एका जागी तो दोन मिनिटं थांबत नाही.

हौशी मंडळींची परंपराही आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. फोटोचा शोध जाहीर होऊन तेव्हा पंधराच वर्षं झाली होती. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी पेशाने डॉक्टर, पण फोटोच्या नादात तितकेच गुंतलेले आणि त्या सोसायटीत सक्रिय. तेव्हा काचेला रसायन लावून ती ओली असतानाच फोटो घ्यावा लागे. आजचा माणूस बॅटरी संपली म्हणून कुरकुरतो.

आता नियमांकडे येऊ. एक तृतीयांशाचा नियम प्रत्येक नवशिक्याला पहिल्या दिवशी मिळतो : चौकटीच्या उभ्या-आडव्या तीन भागांच्या रेषांवर विषय ठेवा, मधोमध नको. हे नाव पहिल्यांदा वापरलं जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज खोदकाम-चित्रकाराने, १७९७ मध्ये, खेड्यांच्या देखाव्यांवरच्या पुस्तकात. त्याचं म्हणणं होतं प्रमाणाबद्दल : आकाश-जमीन, उजेड-सावली यांचे समसमान वाटे करू नयेत. फोटोचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. माणसाचा डोळा अमुक छेदबिंदूवर आलाच पाहिजे, ही भर नंतरची. हरिहर गडाच्या कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या तृतीयांशावर ठेवून बघा. अंगावर येणारी ती चढण एकदम पोरकी होते. तिला मधोमधच जागा लागते.

सूर्य पाठीमागे ठेवा, हा दुसरा नियम. तो क्लिक थ्रीच्या काळात योग्यच होता, कारण त्या कॅमेऱ्याला भरपूर ऊन लागायचं. पण गोदाघाटावर डिसेंबरात साडेसहा-सातला जा. सूर्य पंचवटीच्या बाजूने वर येतो, पाण्यावर वाफ असते, नारोशंकराच्या देवळाची नुसती काळी आकृती दिसते आणि अंघोळ करणाऱ्याच्या ओंजळीतून पडणारं पाणी आरपार उजळतं. सूर्य पाठीमागे घेतलात तर हे सगळं तुमच्याही पाठीमागे गेलं.

तिसऱ्या नियमाला मी कॅमेऱ्याचा हट्ट म्हणतो. कॅमेऱ्याच्या आतलं मापयंत्र समोर काहीही असलं तरी त्याला मध्यम राखाडी समजून उजेड मोजतं. काळाराम मंदिरासमोर उभे राहा. अख्खं देऊळ काळ्या दगडाचं. कॅमेरा ते उजळवून ठेवतो आणि काळारामाचा राखाडीराम होतो. एक घर खाली उतरवा, दगड पुन्हा दगड होतो. हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नाही, प्रिंट बघून आईने सांगितलं, की "देवळाला चुना लावलाय का?"

आणि नाशकात दरवर्षी सर्वांत जास्त निघणारा फोटो कोणता? गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीचा. पुराचं पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. त्या फोटोच्या मांडणीवर कोणी कधी चर्चा केलेली मी ऐकली नाही. पाणी कुठवर आलं एवढं दिसलं की झालं, गंगापूर धरणातून विसर्ग किती हे मग लोक आपापसात काढतात. माझ्या मते शहरातला हा सगळ्यात उपयोगी फोटो आहे.

स्पर्धांचे फोटो वेगळे. सुरकुतलेला म्हातारा, पागोटं, चिलमीचा धूर. मेंढ्यांची धूळ, मागे मावळता सूर्य. लाल लुगड्यातली बाई, डोक्यावर कळशी. मीही हे सगळं काढलं आहे आणि दोनदा बक्षीसही घेतलं आहे, तेव्हा नाकं मुरडायचा मला अधिकार नाही. शिवाजी तुप्यांसारख्या चित्रकारांनी गोदाघाट जलरंगात रंगवला. चित्रकाराला विजेची तार नको असली तर तो ती रंगवत नाही. आम्ही ती संगणकावर पुसतो, मग गर्दी पुसतो, मग प्लास्टिकच्या पिशव्या, आणि शेवटी उरतो तो कुठल्याही गावचा घाट.

मोबाइलने मात्र एक गंमत केली आहे. बहुतेक मोबाइलची मुख्य लेन्स जुन्या हिशेबाने २४ ते २६ मिमीची असते. म्हणजे तांबटकाकांनी नापास केलेल्या लेन्समधून आज सगळं जग बघतं आहे. लग्नातल्या ग्रुप फोटोत कडेला उभी राहिलेली मावशी दरवेळी फुगलेली दिसते आणि बिचारी डाएट सुरू करते. तिला सांगा, मध्ये उभी राहा. किंवा फोटो काढणाऱ्याला चार पावलं मागे पाठवा आणि नंतर कडा कापा.

दुसऱ्या टोकाला आहेत लांब लेन्सवाले. निफाड तालुक्यातलं नांदूरमधमेश्वरचं पक्षी अभयारण्य २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. तेव्हापासून हिवाळ्यातल्या रविवारी चापडगावच्या बाजूला तोफखाना लागल्यासारखी रांग असते. तिथे लांब लेन्स हवीच. रोहित पक्षी तुमच्याशी गप्पा मारायला येणार नाही. पण उडतानाचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवणारे, थव्याच्या दिशेने मुद्दाम चालत जाणारे मी बघितले आहेत. हजारो मैल उडून आलेला पक्षी तिथे खाण्यासाठी आणि विसाव्यासाठी उतरलेला असतो. त्याला उठवून घेतलेला फोटो कितीही स्पष्ट असला तरी मी त्याला वाईट फोटो म्हणतो.

माणसांच्या बाबतीत लांब लेन्स आणखी अवघड. २०१५ च्या सिंहस्थात रामकुंडासमोर मी २०० ची लेन्स घेऊन बसलो होतो. पलीकडे स्नान करून आलेली एक बाई साडीचा आडोसा धरून कपडे बदलत होती. उजेड सुरेख होता. मी कॅमेरा उचलला, तेवढ्यात तिने मान वर केली. एवढ्या लांबून तिला मी दिसलो असेन की नाही कोण जाणे, पण मला ती अगदी हातभर अंतरावर दिसली. लेन्सचं हेच काम, तिने ते चोख केलं होतं. मी कॅमेरा खाली ठेवला. रुंद लेन्सने हंडा बिघडतो, लांब लेन्सने आपण बिघडतो, असं तेव्हापासून वाटत आलं आहे. म्हणून माणसांसाठी आता ५० च. तिच्यासाठी माणसापासून सहा-सात फुटांवर उभं राहावं लागतं, आणि इतक्या अंतरावरून नाव-गाव न विचारता फोटो काढणं जमत नाही.

पुढच्या सिंहस्थाचं स्नान २०२७ मध्ये आहे आणि देशभरातून कॅमेरे येतील. येणाऱ्यांना एक विनंती. रामकुंडावर बायाबापड्या ओल्या कपड्यांत असतात तेव्हा लांब लेन्स पिशवीत राहू द्या. साधूंचे फोटो हवे असतील तर सकाळी तपोवनात साधुग्रामला जा, बसा, चहा घ्या, विचारा. आणि ज्याचा फोटो काढाल त्याला एक प्रत पाठवा. दोन कप चहाच्या पैशांत ती निघते. पत्ता लिहून घ्यायला पेन बरोबर ठेवा.