सेंद्रिय वाइन : खरी परीक्षा मळ्यातच

नागपूरची ओळख संत्र्याची. महाराष्ट्रातील वाइनचे माहेर मात्र नाशिक. २००१मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि दिंडोरी, विंचूर परिसराला या व्यवसायाची ओळख मिळाली. वाइनच्या बाटलीवर ‘सेंद्रिय’ हा शब्द दिसला, की आत रसायन औषधालाही नसणार, असा अनेकांचा समज होतो. तो पुरता खरा नाही.

सेंद्रियपणा ठरतो तो प्रामुख्याने मळ्यात. द्राक्ष हे बहुवार्षिक पीक असल्याने रासायनिक खते व कीटकनाशके थांबवल्यानंतर प्रमाणपत्रासाठी साधारणतः तीन वर्षे जावी लागतात. या काळात उत्पन्न घटण्याची जोखीम बागायतदाराच्या माथी आणि मालाला सेंद्रियचा भावही नाही. आपल्याकडे वेलीची एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी होते. परतीचा पाऊस नेमका कोवळ्या फुटीवर येतो आणि केवडा पसरतो. अशा वेळी सेंद्रिय बागेतील मुख्य आधार म्हणजे मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण, भुरीसाठी गंधक. तांबे जमिनीत साचत जाते, म्हणून युरोपीय संघाने त्याच्या वापरावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलोंची मर्यादा घातली आहे. फवारणी येथेही आहेच!

जानेवारी ते मार्चदरम्यान घोस उतरवले जातात, तेही शक्यतो पहाटेच्या गारव्यात. देठ काढून द्राक्षे फोडली जातात. पांढऱ्या वाइनसाठी रस आधीच गाळून घेतात. लाल वाइन सालींसह आंबवली जाते, कारण रंग व तुरटपणा सालीतच असतो. यीस्ट साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते. गाळ खाली बसल्यावर वाइन निथळून, मुरवून बाटलीत भरली जाते.

कळीचा प्रश्न सल्फर डायऑक्साइडचा. ऑक्सिजन व नको त्या जिवाणूंपासून वाइनला जपणारा हा पदार्थ यीस्ट स्वतःही थोडा तयार करते. त्यामुळे संपूर्ण सल्फाइटमुक्त वाइन जवळजवळ अशक्यच. युरोपात २०१२पासून साखर जेमतेम उरलेल्या सेंद्रिय लाल वाइनमध्ये लिटरमागे १०० आणि पांढरीत १५० मिलिग्रॅम सल्फाइट चालते. साध्या वाइनसाठी हेच आकडे १५० व २०० आहेत. अमेरिकेत मात्र ‘सेंद्रिय वाइन’ म्हणवायचे, तर सल्फाइट वरून घालताच येत नाही. शब्द एक, अर्थ दोन. भारतात खाद्यपदार्थाला सेंद्रिय म्हणायचे, तर अधिकृत प्रमाणीकरण लागते. २०१७पासून त्यासाठी ‘जैविक भारत’ हे बोधचिन्ह आहे.

नागपूरकरांसाठी एक वेगळी अडचण आहे. सल्फाइट जितके कमी, तितकी वाइन नाजूक. नाशिकहून सहाशेहून अधिक किलोमीटर प्रवास करून आलेली बाटली मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या आसपास तापलेल्या गोदामात राहिली, तर मळ्यातली तीन वर्षांची मेहनत काही दिवसांत वाया जाऊ शकते. खरेदी करताना दुकानात बाटल्या कोठे ठेवल्या आहेत हे अवश्य पाहावे, आणि घरी आणल्यावर त्या अंधाऱ्या, गार जागी आडव्या ठेवाव्यात.