सेकंडहँड ट्रक मागून रडतो का?

साताऱ्यात घेतलेला जुना ट्रक सांगलीच्या मार्केट यार्डात हळद भरायला लागतो आणि मालकाच्या दोन तक्रारी सुरू होतात: ॲव्हरेज पडलंय आणि मागून हुंकार येतोय.

हुंकार आधी ऐका. मागच्या हाउसिंगमध्ये छोटं पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतं, रसवंतीच्या चरकातल्या दात्यांसारखं, फक्त काटकोनात. ॲक्सिलरेटर दाबला की दात्यांची एक बाजू भार घेते, सोडला की दुसरी. म्हणून पाय उचलताच सूर बदलला, तर संशय क्राऊन-पिनियनवर. पाय कसाही असो, आवाज फक्त वेगाबरोबर चढत-उतरत असेल, तर बहुधा चाकाचं बेअरिंग. गाडी उचलताना ‘खट्’ वाजलं, तर प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस पाहा.

पण झिजलेले दाते आवाजाच्या मानाने डिझेल कमीच खातात. खरे खादाड वेगळे: चिकटलेला ब्रेक, कमी हवेचे टायर, तुंबलेला एअर फिल्टर. सपाट रस्त्यावर ब्रेक न वापरता चालवून थांबा. एखादा ड्रम इतरांपेक्षा तापलेला असेल, तर चोर तिथेच. (हात लावू नका, जवळ नेला तरी कळतं.)

आणखी एक शक्यता सहसा कोणी तपासत नाही. क्राऊनला ४१ आणि पिनियनला ७ दाते असतील, तर चाकाच्या एका फेरीला शाफ्ट सुमारे ५.९ वेळा फिरतो. पिनियन ६ दात्यांचं असेल, तर ६.८ वेळा. दुसरी जोडी खंबाटकी चढायला उत्तम. पण सांगलीच्या सपाटीवर त्याच वेगाला इंजिन सहावा हिस्सा जास्त फिरतं. आधीच्या मालकाने हाउसिंग बदललं असेल, तर दाते मोजून घ्या.